झेलिता येस म्हणाली

गिरिधरची दोन बोटं मोडली याचं मला जराही वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नात्यानं तो माझा दीर लागतो. माझे यजमान प्राणेश, त्यांच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. त्याच्याच शब्दावर मला त्या कॉलेजात नोकरी लागली, हेही खरं. ही दोन्ही वाक्यं आमच्या घरात मला इतक्यांदा ऐकवली गेलीत, की कुणी सुरुवात केली की पुढचं आता मीच म्हणून टाकते.

कॉलेज कलबुर्गीच्या बाहेर, हुमनाबाद रस्त्याला. काही वर्षांपूर्वी त्यांनी परदेशी मुलं आणायला सुरुवात केली. मोझांबिक, टांझानिया, येमेन, कांगो. मुलं शाळा संपवून फार्मसी नाहीतर नर्सिंग शिकायला आलेली, पण इंग्रजी जेमतेम. म्हणून त्यांच्यासाठी वर्षाचा तयारी वर्ग. वर्षभर इंग्रजी शिकायचं, शेवटी परीक्षा द्यायची, पास झालं की मुख्य कोर्सला प्रवेश. त्या वर्गाची मी शिक्षिका. आणि या मुलांना विमानतळावरून आणण्यापासून त्यांच्या हॉस्टेलपर्यंत सगळं बघणारा समन्वयक म्हणजे गिरिधर.

कागदावर वर्ग दिवसभराचा. प्रत्यक्षात मुलं वर्गात कमी आणि स्टेजवर जास्त असायची. कुणी पाहुणा आला की हार घालायला यांना उभं करायचं. नवी लॅब झाली की फीत कापताना मागे हसत उभं राहायला हीच. जाहिरातीचे फोटो काढायचे म्हणजे अर्धा दिवस गेलाच. मी तक्रार केली की गिरिधर म्हणायचा, "वहिनी, एक्स्पोजर आहे ते. त्यातूनच भाषा येती."

आणि पुस्तक! पहिलाच धडा होता फोनवर गिऱ्हाइकाची तक्रार कशी ऐकून घ्यावी याचा. ज्या मुलीला औषधाच्या दुकानात पोटात दुखतंय एवढं सांगता येत नाही, तिच्याकडून मी 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे घोकून घेत होते. कॉलेजनं ते पुस्तक कुठून तरी गठ्ठ्यानं उचललं होतं. बदलायला सांगितलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

झेलिता मोझांबिकची. समुद्रकाठच्या एका लहान गावातली, उंच, काळीभोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. शाळा पोर्तुगीजमधून झालेली. तिच्या गावात औषधाचं दुकान एकच, आणि तो दुकानदार वाचता न येणाऱ्या बायकांच्या हातावर वाटेल त्या गोळ्या ठेवतो, म्हणून तिला फार्मसी शिकायची होती. एवढी गोष्ट मला सांगायला तिला बरेच दिवस लागले. हातवारे, चित्रं, फोनमधला अनुवाद, सगळं वापरून तिनं ती पुरी केली आणि मग दमल्यासारखी बाकावर बसली.

वर्गाबाहेर मात्र तिचा एकच शब्द. येस. काही कळलं नाही तरी येस. ऑफिसातला कारकून खेकसला तरी येस, वॉर्डननं काही बडबडलं तरी येस. सगळीच मुलं असं करायची. नो म्हटलं की समोरचा माणूस आवाज चढवून तेच पुन्हा म्हणतो, आणि येस म्हटलं की निघून जातो. हे ती पोरं पहिल्याच आठवड्यात शिकली होती. ते मी शिकवलं नव्हतं, ते कॉलेजनं शिकवलं. मला ते लगेच ओळखू आलं, कारण भालकीच्या मराठी शाळेतून कलबुर्गीच्या इंग्रजी कॉलेजात आल्यावर माझंही तेच झालं होतं.

पण मेसमध्ये झेलिता वेगळीच असायची. तिथं अंबुबाई होती. हळ्ळीखेडची, धनगराघरची बाई. नवरा गेल्यावर इथं भाकऱ्या थापायला आलेली, हॉस्टेलमागच्या खोलीत राहायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं ती झेलिताशी सरळ आपल्या मराठीतच बोलायची, मध्ये थोडं कानडी, थोडं दखनी उर्दू. झेलिता चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा मी मेसमध्ये गेले तर ही पोरगी ताटातल्या चटणीकडं बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, लई तिखट हाय, नक्को." मी हसले. अख्खं कॉलेज जे करू शकलं नाही, ते तिनं स्वतःच स्वतःसाठी करून घेतलं होतं, फक्त ते परीक्षेत विचारत नाहीत.

एका सोमवारी सकाळी मी गेटमधून आत शिरते तो अंबुबाई वाटच बघत होती.

"मॅडम, काल तुमी कामून फोन उचलला न्हाई?"

रविवारी आम्ही लग्नाला अफजलपूरला गेलो होतो. मी विचारलं, "काय झालं?"

"त्या लेकराच्या खोलीत शिरला की तुमचा सायब."

तिनं जे सांगितलं ते असं. दुपारची वेळ. बाकीच्या मुली बाजारात गेलेल्या. झेलितानं केस धुतले होते, खोलीची कडी लावून कपडे बदलत होती. या हॉस्टेलच्या दारांना आतून कडी नावालाच, बाहेरून किल्ली फिरवली की ती उघडते. गिरिधरनं किल्लीनं दार उघडलं. खोल्यांची तपासणी म्हणे. झेलिता ओरडली तरी तो आत आला. हातात फोन होता आणि हसत होता. तिनं त्याला दोन्ही हातांनी बाहेर ढकललं आणि दार असं आपटलं की त्याची बोटं चौकटीत सापडली. अंबुबाई अंगणात गहू वाळत घालत होती. आरडाओरडा ऐकून ती जिन्यावरून धावली, तर हा भाऊ हात धरून भिंतीला टेकलेला.

"आता पोरगी दार उघडंना झालीय," अंबुबाई म्हणाली. "रातीपासून जेवली न्हाई. मी दारात बसून राहिले."

फोनमध्ये काय होतं ते मला आजही माहीत नाही. त्या गडबडीत फोन पडून फुटला असं गिरिधरनं नंतर सांगितलं, आणि फुटलेला फोन कुणीही बघायला मागितला नाही.

मला वाटलं, आता चौकशी होईल. झाली. पण झेलिताची! समन्वयकाला इजा केली म्हणून. दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत बैठक लावली. संचालक बसवप्रभु सर, महिला सदस्य म्हणून हिशेब विभागातल्या पार्वतम्मा, समोर प्लास्टर घातलेला हात टेबलावर मांडून बसलेला गिरिधर, आणि एका बाजूला खुर्चीच्या टोकावर झेलिता. मला बोलावलं होतं ते भाषेची अडचण आली तर असावी म्हणून. अंबुबाईला बोलवा म्हटलं तर संचालक म्हणाले, "मेसच्या लोकांना यात कशाला आणायचं?"

गिरिधर आधी बोलला. शांतपणे, वाईट वाटल्यासारखं तोंड करून.

"सर, मी दार वाजवलं. आत येऊ का, विचारलं. ती येस म्हणाली. मी आत गेलो. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. सर, तिला इंग्रजी येत नाही ना, त्यातून गैरसमज झाला. माझी काही तक्रार नाही. तिनं माफी मागितली की विषय संपला."

माझी काही तक्रार नाही! हे वाक्य तो इतक्या मोठेपणानं बोलला की पार्वतम्मांनी कौतुकानं मान हलवली.

मग संचालक झेलिताकडं वळले. त्यांना इंग्रजी बोलायला आवडतं. भरभर, लांबलचक, कोर्टातल्यासारखं. तपासणीच्या वेळी कोणत्याही टप्प्यावर, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, समन्वयकांच्या प्रवेशाला तू संमती दर्शवली होतीस की नव्हतीस, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी एका दमात विचारलं. मलाच ते मनात दोनदा लावावं लागलं.

झेलितानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं. 

"येस सर," ती म्हणाली.

"बघा," संचालक म्हणाले. "स्वतःच कबूल करायलीय. लिहा, पार्वतम्मा."

पार्वतम्मा लिहू लागल्या.

माझ्या डोक्यात काय झालं ते नीट सांगता येणार नाही.  मी उठले. झेलिताकडं वळले आणि संचालकांसारख्याच भरभर, लांबलचक इंग्रजीत तिला विचारलं, की या बैठकीचे अध्यक्ष हे एक नंबरचे गाढव असून त्यांना पदावरून तत्काळ दूर करण्यात यावं, या प्रस्तावाला तुझी पूर्ण संमती आहे का?

"येस मॅडम," झेलिता म्हणाली.

"हेही लिहा, पार्वतम्मा," मी म्हणाले. "स्वतःच कबूल करायलीय."

 पार्वतम्मांचं पेन हवेत राहिलं. संचालकांचं तोंड लाल झालं.

"नेत्रा मॅडम, तुम्ही कुठं बसलाय याचं भान आहे का?"

"आहे सर. वर्षाला एवढी फी घेऊन ज्यांना इंग्रजी शिकवायचं तुम्ही कबूल केलंय, त्यांच्यासमोर बसलेय. फी घेताना म्हणायचं, तुला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, आम्ही शिकवू. आणि तिच्या खोलीत माणूस शिरला की म्हणायचं, तिला इंग्रजी येत नाही, तिचा गैरसमज. तुम्ही शिकवलं नाहीत म्हणून तिला येत नाही, आणि तिला येत नाही म्हणून तुम्ही सुटलात. वा!"

"बाहेर जा," ते म्हणाले.

"ती पोरगी माझ्याबरोबर येईल," मी म्हणाले, आणि झेलिताचा हात धरून बाहेर पडले. व्हरांड्यात आल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, काय झाला?" तिच्या त्या मराठीनं माझा उरलासुरला धीर सुटला. मी तिला तिच्याच पद्धतीनं, हातवारे करून सांगितलं, की त्यांनी काय विचारलं आणि ती काय म्हणाली. ते कळल्यावर ती रडली नाही. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, कितीतरी वेळ, जणू त्या तोंडाचाच तिला राग आला होता. ते बघून मला जो संताप आला, तो त्या खोलीतल्या सगळ्या संतापापेक्षा मोठा होता.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. झेलितानं सगळ्यांसमोर माफी मागावी, आणि मी संचालकांची.

निकाल घरीही पोचला होता. दिवेलागणीला नलिनीबाई आत्या आल्या. गिरिधरच्या आई. हातात शेंगापोळ्यांचा डबा. त्या ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत.

"नेत्रा, तो काही वाईट मुलगा नाही गं. तुझ्या नोकरीसाठी किती फेऱ्या मारल्या त्यानं."

"माहीत आहे, आत्या."

"ती मुलगी परकी. आज आहे, उद्या तिच्या देशाला जाईल. आपल्याला इथं राहायचंय, एकमेकांच्या दारात."

"इथंच राहायचंय म्हणून तर म्हणते. किल्ली घेऊन जो तिच्या खोलीत गेला, तो आपल्या घरी कुणाच्या खोलीत जाईल याचा भरवसा कुणी द्यायचा?"

प्राणेश एवढा वेळ टीव्हीकडं बघत होते. ते एकदम म्हणाले, "काय बोलायलीस तू? आत्यासमोर?"

"आत्यांच्या मुलाबद्दल आत्यांसमोर नको बोलू तर कुणासमोर बोलू? तुम्ही सांगा, अहो. तुम्ही होता का तिथं?"

"तू तरी होतीस का?"

एवढं बोलून ते जिंकल्यासारखे पुन्हा टीव्हीकडं वळले. आत्या डबा ठेवून गेल्या. मी तो उघडला नाही. प्राणेशनी दोन पोळ्या खाल्ल्या.

सकाळी वर्गात गेले तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं होतं. येमेनचा हिशाम, जो एरवी शेवटच्या बाकावर झोपा काढायचा, तो झेलिताच्या पुढच्या बाकावर येऊन ताठ बसला होता. मी पुस्तक उघडलं. धडा होता, ग्राहकाला नकार न देता कसं बोलावं. खरंच हाच होता. मी ते पुस्तक मिटलं आणि कपाटावर फेकून दिलं.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नो.

"आज फक्त हा एक शब्द," मी म्हणाले. "तुमच्याकडं याला काय म्हणतात?"

 मग हिशाम म्हणाला, "ला." टांझानियाची नीमा म्हणाली, "हपाना." कांगोची दोघं फ्रेंचमध्ये म्हणाली. मी सगळं फळ्यावर लिहीत गेले. कानडीत बेडा, दखनीत नक्को, मराठीत नको. झेलिता शेवटी म्हणाली, "नाऊं." हळू, नाकातून.

"मोठ्यानं."

"नाऊं!"

"आता इंग्रजीत."

"नो."

"हे विचारल्यासारखं झालं. सांगितल्यासारखं म्हण."

मग मी प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन ऑफिसातल्यांसारखं बोलू लागले. भरभर, अवघड, वरच्या पट्टीत. अट एकच. कळलं नाही, तर येस म्हणायचं नाही. नो म्हणायचं, आणि पुढं, पुन्हा सांगा, सावकाश सांगा. पहिल्यांदा सगळी अडखळली. हिशाम सवयीनं येस म्हणाला आणि त्यानं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. सगळी हसली. मग आवाज चढत गेले. शेजारच्या वर्गातले सर येऊन दारातून डोकावून गेले. झेलिताच्या बाकापाशी मी आले तेव्हा ती उभी राहिली. माझं वाक्य पुरं होण्याआधीच तिनं माझ्या डोळ्यांत बघून "नो!" म्हटलं, आणि तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

एवढ्यात गिरिधर आला. प्लास्टरचा हात गळ्यात, मागे फोटोग्राफर. नव्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचे होते. काल ज्या मुलीची चौकशी लावली, तिच्या वर्गाचे! आणि माझ्याकडं न बघता, मुलांकडं बघून, त्याच हसऱ्या आवाजात तो म्हणाला, "चला, चला, सगळे लॉनवर. अर्धाच तास. ओके?"

मी काही बोलले नाही. देवाशपथ सांगते, मी खूणसुद्धा केली नाही.

"नो," हिशाम म्हणाला.

गिरिधरला वाटलं गंमत चाललीय. "काय नो? चल, ऊठ."

"नो," नीमा म्हणाली. मग कांगोची दोघं. मग सगळी, एकेक करून. शेवटी झेलिता. ती बसूनच राहिली. बाकावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "नो. यू गो."

तिचं व्याकरण बरोबर होतं.

गिरिधर गेला आणि संचालकांना घेऊन आला. संचालकांनी मुलांना काही विचारलं नाही. मला म्हणाले, "तुम्ही मुलांना भडकावताय. उद्यापासून येऊ नका." मी म्हणाले, "आजच जाते." पिशवी उचलली, आणि झेलिताला, सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, की मी पोलिसात चाललेय, तुला यायचंय का? नसेल तर नाही म्हण.

तिनं थोडा विचार केला. मग येस म्हणाली. या वेळी तिला प्रश्न कळला होता.

अंबुबाई पीठ मळत होती. आम्ही दोघी निघाल्याचं बघून तिनं हात धुतले आणि पदर खोचून आमच्या आधी रिक्षात जाऊन बसली. "माझी नोकरी जाईल म्हनून सांगू नका," ती म्हणाली. "जाऊंदे."

महिला ठाण्यातली फौजदार तेजश्री नावाची, निंबर्ग्याकडची तरुण बाई. तिनं सुरुवातीला आम्हाला परतवायचाच प्रयत्न केला. कॉलेजचं कॉलेजात मिटवा, परदेशी माणसाची केस म्हणजे वर कळवावं लागतं, ताप होतो. शिवाय हिला इंग्रजी नीट येत नाही, आम्हाला पोर्तुगीज येत नाही, जबाब घ्यायचा कसा?

तेव्हा झेलिता बोलली. अंबुबाईच्या मराठीत.

"मी खोली. मी कपडा बदलायली. दार बंद. सर आला. मी बोलली नक्को, नक्को. सर हसायला. फोन असा." तिनं हात उंच धरून दाखवला. "मी ढकलली. दार मारली."

तेजश्रीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दार बंद होतं?"

"हाव. बंद."

"मग उघडलं कुणी?"

"सर. किल्ली."

गिरिधरचं बैठकीतलं म्हणणं मी आधीच सांगितलं होतं; तेजश्रीबाईंनी माझ्याकडं बघितलं. "आत येऊ का विचारलं, ही येस म्हणाली, असं म्हणतोय ना तो? मग किल्ली कशाला लागली? येस म्हणणारी बाई स्वतः उठून दार उघडती."

इतका साधा प्रश्न. बैठकीत इतकी शिकलेली माणसं बसली होती. पार्वतम्मांनी विचारला नाही, संचालकांनी विचारला नाही, आणि खरं सांगते, चिडण्याच्या भरात मीही विचारला नव्हता. तेजश्रीबाईंनी अंबुबाईचा जबाब घेतला, झेलिताचा दखनी आणि मराठीत घेतला आणि गुन्हा नोंदवला. गोड बोलल्या नाहीत. "कोर्टात पोर्तुगीजचा माणूस मागा," एवढं म्हणाल्या, "नाहीतर तिथं पुन्हा हाच तमाशा करतील."

पुढं जे झालं ते तुम्हाला गोड वाटणार नाही.

गुन्हा नोंदल्यावर कॉलेज घाबरलं. झेलिताची माफी राहिली बाजूला. मुलींच्या हॉस्टेलच्या दारांना आतून नवी कुलपं बसली. गिरिधरला काढलं नाही. त्याला बीदरच्या त्यांच्याच दुसऱ्या संस्थेत पाठवलं, प्रवेश विभागात. म्हणजे नवीन येणाऱ्या मुलींचे फॉर्म आता त्याच्याच हातातून जातात. केस चालू आहे. तारखा पडतात. एकदा पोर्तुगीज येणारा माणूस मिळाला नाही म्हणून तारीख, एकदा गिरिधरचा वकील आजारी म्हणून तारीख.

अंबुबाईला महिन्याच्या आत काढलं. आता ती स्टेशन रस्त्यावरच्या एका खानावळीत भाकऱ्या थापते. मी घरी शिकवणी घेते. रविवारी तयारी वर्गातली मुलं येतात. बस बदलून, उन्हातान्हात येतात. हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही बसतो आणि डॉक्टरकडं काय बोलायचं, घरमालकाशी काय बोलायचं, ते शिकतो. प्राणेश त्या वेळी बाहेर जातात.

झेलिता वर्षाच्या परीक्षेत पास झाली. मी तिला म्हटलं होतं, हैदराबादला जा, तिथं तुझ्या देशाची मुलं आहेत, कॉलेजंही बरी आहेत. ती माझ्यावरच चिडली. "मी कामून जाऊ?" म्हणाली. "मी काय केली?" आणि त्याच कॉलेजात, त्याच संचालकांच्या नाकावर टिच्चून फार्मसीला बसली.

गेल्या महिन्यात आमच्या नात्यात एक मुंज होती. जायचं नव्हतं, पण प्राणेश म्हणाले, किती दिवस तोंड लपवणार? मी म्हणाले, तोंड मी कशाला लपवू? आणि गेले.

पंगत बसली. मी प्राणेशच्या शेजारी. पानात मीठ, कोशिंबीर, वरणभात आलं. आणि तुपाचं भांडं घेऊन कोण यावं? गिरिधर. सोवळं नेसलेला, बोटं बरी झालेली, सगळ्यांना आग्रह करत, कुणाची थट्टा करत. बायका त्याच्याशी हसत होत्या. तो आमच्यासमोर आला. प्राणेशच्या भातावर तूप सोडलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, राग सोडा आता. जेवताना तरी."

वाढलेल्या पानावरून उठू नये, असं मला लहानपणापासून शिकवलंय. मी उठले. पान तसंच टाकून, सगळ्या पंगतीसमोर. समोरच्या ओळीतल्या आत्यांचा घास हातात राहिला. मी प्राणेशकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवायला सुरुवात केली.

मी रिक्षानं एकटी घरी आले. ते संध्याकाळी आले.

"सगळे विचारत होते," म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुझं डोकं दुखत होतं म्हणालो."

 हा माणूस वाईट नाही. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त दर वेळी माझ्या तोंडात असं एक सोईचं वाक्य घालून मोकळा होतो.

मी फोन घेतला आणि त्यांच्यासमोरच नलिनीबाई आत्यांना लावला.

"आत्या, नेत्रा बोलतेय. दुपारी माझं डोकं दुखत नव्हतं. तुमच्या मुलाच्या हातचं मला खायचं नव्हतं, म्हणून मी उठले. जे जे विचारतील त्यांना हेच सांगा."

आत्यांनी फोन ठेवला. मी पुढचा नंबर लावला. मुंज झालेल्या बटूच्या आईचा. प्राणेश खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "नेत्रा, बास." त्या पंगतीला बरीच माणसं होती, आणि जवळजवळ सगळ्यांचे नंबर माझ्याकडं आहेत.